डबा त्यांचा, पाणी साहेबांचं

त्यांना आमच्या क्वार्टरांच्या रांगेत सगळे खडूस म्हणायचे. मी कधी म्हटलं नाही, आणि आजही कुणी म्हटलं तर भांडायला उभी राहते.

त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. टाउनशिपमधल्या हिंदी बोलणाऱ्यांसाठी त्या 'मीटरवाली आंटी' आणि आम्हा आठ-दहा मराठी घरांसाठी 'मीटरकाकू'. भोपाळच्या एका अवाढव्य सरकारी कारखान्याच्या टेस्टिंग लॅबमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली होती. कारखान्यातले गेज, मीटर, थर्मामीटर जे दाखवतात ते खरं की खोटं, एवढंच त्यांनी आयुष्यभर तपासलं. रिटायर झाल्यावर ही सवय सुटायला हवी होती. ती उलट गल्लीभर पसरली.

भाजीच्या ठेल्यावर जाताना त्यांच्या पिशवीत स्वतःचं एक किलोचं वजन असे. ठेलेवाल्याने कांदे तोलले की त्या शांतपणे कांदे काढून घ्यायच्या, त्या जागी आपलं वजन ठेवायच्या आणि काटा थांबेपर्यंत वाट बघायच्या. "भैया, तुम्हारा तराजू बीमार है," एवढंच बोलायच्या. एकदा दवाखान्यात रक्तदाब तपासायला गेल्या तर आधी डॉक्टरांनाच विचारलं, "हे यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं?" तरुण डॉक्टर हसला. काकू हसल्या नाहीत. बाही खाली करून उठल्या आणि दुसऱ्या दिवशी आपलं यंत्र घेऊन आल्या. दोन्ही यंत्रांनी त्या डॉक्टरचाच दाब मोजला. बारा अंकांचा फरक निघाला. आठवड्याभरात दवाखान्याचं यंत्र बदललं, आणि पुढे काकू दिसल्या की डॉक्टर स्वतः खुर्ची पुढे करायचा.

"'वाटतं' हे माप नाही," असं त्या म्हणत. त्यांच्या घरात 'बहुतेक', 'साधारण', 'असेल कदाचित' हे शब्द चालत नसत. मी एकदा सहज म्हणाले, "काकू, आज जास्तच उकडतंय ना?" त्यांनी खिडकीकडे बोट केलं. तिथे थर्मामीटर टांगलेला होता. "बघ आणि मग बोल."

त्या ग्वाल्हेरच्या. त्यांच्या मराठीत हिंदी इतकी मुरलेली होती की वाक्य कुठे वळेल सांगता येत नसे. "अगं, तू परेशान नको होऊस, आपण बघतो न." मी साताऱ्याची, लग्न होऊन नवीन आले तेव्हा मला हसू यायचं. पाचेक वर्षांत मीही तशीच बोलायला लागले. त्यांनी लग्न केलं नव्हतं. का, ते सांगत नसत, आणि विचारणाऱ्याला दुसऱ्यांदा चहा देत नसत.

त्यांच्याशी माझा खरा संबंध आला तो इंटरनेटमुळे.

त्याआधी मी इंद्रपुरीतल्या एका शाळेत शिकवत होते. मग सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. नवरा कारखान्यात सुपरवायझर, सकाळी आठची ड्यूटी. घरी कोणी तरी हवं होतं, आणि ते 'कोणी तरी' म्हणजे मी, हे कुणी बोलून दाखवायची गरजही पडली नाही. शाळा सोडली. त्या दिवशी मी रडले नाही, पण पुढचे सात-आठ महिने शाळेवरून जाणारा रस्ता टाळत राहिले.

मग मैत्रिणीकडून कळलं की हैदराबादची एक कंपनी घरबसल्या काम देते. अमेरिकेतले डॉक्टर रोग्याला तपासून जे रेकॉर्ड करतात, ते ऐकून टाइप करायचं. मी तीन महिने शिकले, परीक्षा दिली, पास झाले. घरात ब्रॉडबँड घेतलं. त्या वेळी ते टेलिफोनच्या तारेवरूनच यायचं. सासऱ्यांच्या खोलीला लागून असलेल्या कोपऱ्यात मी टेबल मांडलं. सकाळी साडेसातला फाइली यायच्या आणि अकराच्या आत टाइप करून परत पाठवायच्या. मध्येच सासऱ्यांना पाणी, औषध, कूस बदलणं. पण कानाला हेडफोन लावून बसले की ते टेबल माझं होतं. घरात माझं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं.

थंडीचे दिवस सुरळीत गेले. मार्च लागला आणि नेट बिघडलं.

सकाळी सव्वाआठच्या सुमारास मोडेमवरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागायचा. फाइल अर्धी उतरायची, थांबायची, पुन्हा पहिल्यापासून. कधी चालू राहिलंच तर मुंगीच्या पावलाने. दुपारी बारानंतर मात्र काही झालंच नाही अशा थाटात सगळं ठीक. पहिल्या आठवड्यात माझ्या तीन फाइली उशिरा गेल्या, दुसऱ्या आठवड्यात चार. हैदराबादची सुपरवायझर फोनवर म्हणाली, "देखिए, आपका काम अच्छा है। लेकिन टाइम पर नहीं आएगा तो मैं कुछ नहीं कर सकती। इस महीने के आखिर तक देखूँगी।"

टेलिफोनच्या ऑफिसात तक्रार केली. दोन दिवसांनी मेसेज आला की तक्रार निकाली निघाली आहे. घरी कोणी फिरकलंही नव्हतं. पुन्हा केली, पुन्हा तेच. ऑफिसात गेले तर साहेब म्हणाले, "मॅडम, आपके घर की वायरिंग खराब होगी।"

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जाऊ दे गं. नाही तर नाही. कशाला एवढी धावपळ?"

तो वाईट माणूस नाही. पण ते 'नाही तर नाही' ऐकून मी उठून स्वयंपाकघरात गेले. मी ओट्याशी उभी राहून रडत होते तेव्हा काकू मागच्या दाराने आल्या, कढीपत्ता मागायला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कढीपत्ता बाजूला ठेवला आणि विचारलं, "कोणी मेलं का?"

"नाही."

"मग?"

मी सांगितलं. नेट स्लो आहे, नोकरी जाईल बहुतेक.

"स्लो म्हणजे किती? केव्हापासून केव्हापर्यंत?"

"सकाळी. खूपच स्लो वाटतं."

"वाटतं!" काकू म्हणाल्या. "अगं, रोज सकाळी तुझं नुकसान होतंय आणि तुझ्यापाशी एक आकडा नाही? तो ऑफिसवाला तुला घरी धाडेल नाही तर काय करेल?"

मला राग आला. रडणाऱ्या माणसाला असं बोलतात का? पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्या माझ्या टेबलाशी हजर होत्या. हातात विणलेली पिशवी, पिशवीत जुना मल्टिमीटर, पकड, टेस्टर आणि रेघा मारलेली वही.

त्यांना इंटरनेटमधलं काही येत नव्हतं, आणि हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. "पण तार मला कळते. तुझं ते अमेरिकेचं जे काय आहे, ते शेवटी तांब्याच्या दोन तारांतूनच येतं न?" मोडेमबरोबर आलेलं पुस्तक त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचलं. त्यातून त्यांना कळलं की मोडेमचं स्वतःचं एक पान कॉम्प्युटरवर उघडतं, आणि तारेवरच्या खरखरीच्या वर सिग्नल किती उरतो त्याचा आकडा त्यावर दिसतो. आकडा मोठा तर लाइन चांगली. सहाच्या खाली गेला की मोडेमचा दम तुटतो. हे वाचून काकूंचा चेहरा असा उजळला की जणू माहेरचं माणूस भेटलं.

"हे आधी का नाही सांगितलं तू? हा तर गेज आहे!"

मग सुरू झाला शोध, त्यांच्या पद्धतीने. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आकडा बघायचा. दोन गोष्टी बदलू दिल्या नाहीत. "दोन बदलल्या तर कोणती चोर होती ते कसं कळणार?" आधी मोडेमची वायर बदलली. काही फरक नाही. मग सासऱ्यांच्या उशाशी असलेला दुसरा फोन काढला; त्याच तारेला तो मधूनच जोडलेला होता. आकडा दोनने वाढला. "हा छोटा चोर," काकू म्हणाल्या. मग मोडेम उचलून बाहेरची तार घरात येते तिथेच, व्हरांड्यात नेऊन लावला. घरातली सगळी वायरिंग वगळून. सव्वाआठ वाजले. आकडा चोवीसवरून खाली यायला लागला. अठरा. अकरा. सात. दिवा लुकलुकला.

"चला," काकू टाळी वाजवून म्हणाल्या, "तुझं घर सुटलं. चोर बाहेर आहे."

मग त्यांनी मला फोनचा रिसीव्हर कानाला लावून एक आकडा दाबायला सांगितला. टोन थांबली, आणि त्या शांततेत मी पहिल्यांदा ऐकलं. तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी चरचर. बारा वाजता पुन्हा ऐकलं, तर चरचर गायब.

चार दिवसांचे आकडे वहीत उतरले. रोज सव्वाआठला घसरण, साडेअकरापासून सुधारणा. रविवारी मात्र काहीच नाही, दिवसभर चोवीस. काकूंनी त्या रविवारच्या ओळीवर पेन्सिल ठेवली.

"रविवारी कोण सुट्टीवर असतं?"

सोमवारी आठ वाजता त्या तारेच्या मागे मागे निघाल्या. मी हेडफोन काढून खिडकीतून बघत होते. आमच्या घरातून तार जांभळाच्या झाडावर, तिथून खांबावर, खांबावरून खांबावर, आणि कोपऱ्यावर कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यापाशी एका लोखंडी डब्यात. आसपासच्या वीस-पंचवीस घरांच्या तारा त्या डब्यात जोडलेल्या. डब्याला झाकण नव्हतं. आत कुणीतरी कधी काळी प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली होती; ती फाटून तिच्यातच पाणी साठलेलं. काकू बघत असतानाच बागेचा माळी आला, त्याने नळ सोडला आणि बंगल्यासमोरच्या लॉनवरचा फवारा गरगर फिरायला लागला. प्रत्येक फेरीला तो लॉन भिजवायचा, फुटपाथ भिजवायचा आणि डब्यात ओंजळभर पाणी मारून पुढे जायचा. रविवारी माळ्याला सुट्टी असे.

त्या परत आल्या तेव्हा एका बाजूने भिजलेल्या होत्या आणि अतिशय खुश होत्या.

मला वाटलं, आता काय, संपलंच. पण इथून तर सुरुवात झाली. काकूंनी लाइनमनला गाठलं. तो बिचारा भला माणूस होता. त्याने डबा पाहिला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "आंटी, आपने सही पकड़ा। लेकिन डिब्बा हमारा है, पानी उनका है।" झाकण दोन वर्षांपासून मागितलेलं होतं, आलं नव्हतं. डबा हलवायचा तर टाउनशिपच्या इस्टेट ऑफिसची परवानगी हवी. इस्टेट ऑफिस म्हणालं, डबा टेलिफोनवाल्यांचा आहे, त्यांना सांगा. बागेच्या खात्याने फोनवर सांगितलं की पाणी लॉनसाठीच सोडलं जातं. माळी हात जोडून म्हणाला, "साहब का लॉन है माताजी, फव्वारा मैं कैसे सरकाऊँ?"

संध्याकाळी नवरा म्हणाला, "मी एक नवी पिशवी बांधून येतो. विषय संपला."

"आधीच्यानेही हेच केलं होतं," काकू म्हणाल्या. "तिच्यातच पाणी साठलं. आणि विषय कसा संपला? ते लोक तर अजून म्हणतायत की हिच्या घराची वायरिंग खराब आहे."

"काकू, त्या बंगल्यातले साहेब माझ्या साहेबांचे साहेब आहेत. माझं प्रमोशन त्यांच्या टेबलावर आहे. त्यांच्या लॉनचं पाणी बंद करा म्हणून मी सांगू?"

"तू नको सांगू. तू काहीच नको बोलू. आकडे बोलतील."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे काकू अशा का होत्या याचा थोडा अंदाज येईल. लॅबमध्ये असताना त्यांनी एका प्रेशर गेजला नापास केलं होतं. माल पाठवायची घाई होती, वरून निरोप आला की पास करा. काकू म्हणाल्या, गेजला सांगा. त्यानंतर त्यांना लॅबमधून काढून चार वर्षं स्टोअरमध्ये बसवलं, हातमोजे आणि झाडू मोजायला. हे त्यांनी मला डाळ निवडता निवडता सांगितलं होतं, आवाज जराही न चढवता. मी विचारलं, "चार वर्षं काय केलंत?" त्या म्हणाल्या, "हातमोजे मोजले. बरोबर मोजले."

महिना संपायला नऊ दिवस होते. मंगळवारी सकाळी आठला काकू एक फोल्डिंग स्टूल आणि मोठी काळी छत्री घेऊन बंगल्याच्या कोपऱ्यावर गेल्या. डब्याला हात लावला नाही; तो सरकारी माल. स्टूल मांडून बसल्या आणि छत्री उघडून डब्यावर धरली. मार्चचं कोरडं ठणठणीत ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि एक पासष्टीची बाई टेलिफोनच्या डब्यावर छत्री धरून बसलेली. फवारा फिरून आला की छत्रीवर ताशा वाजायचा आणि काकूंचा पदर भिजायचा.

घरी माझा मोबाइल वाजला. "आकडा?"

"चोवीस."

दहा मिनिटांनी पुन्हा. "आकडा?"

"चोवीसच, काकू!"

"ओरडू नको. लिही."

त्या दिवशी माझ्या सगळ्या फाइली साडेदहाला गेल्या. मला नाचावंसं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा स्टूल घेऊन गेल्या, पण छत्री मिटून मांडीवर ठेवली. आकडा सातवर आला, दिवा लुकलुकला, माझी फाइल अडकली. मी कळवळून फोन केला, "काकू, छत्री उघडा ना!"

"आज बिना छत्रीचा दिवस आहे."

"माझी फाइल आहे!"

"अगं, रोज छत्री धरली तर ते म्हणतील, नेट आपोआप सुधारलं. एक दिवस छत्री, एक दिवस नाही. सहा दिवस. तेव्हाच कोणी तोंड उघडणार नाही."

"मग आज तिथे बसलाच कशाला?"

"फरक फक्त छत्रीचा राहिला पाहिजे. माझा नाही."

मी फोन आपटला. ती फाइल पस्तीस मिनिटं उशिरा गेली. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंही असेल, पण दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला फोन आलाच. "आकडा?"

लोक थांबून बघायचे. ड्यूटीला जाणारे स्कूटरवाले हॉर्न मारायचे. कोणी म्हणालं, आंटीचं डोकं फिरलं. तिसऱ्या दिवशी मोठे साहेब स्वतः फाटकापाशी आले. "ये क्या तमाशा है?"

"टेस्ट चल रहा है, साहब," काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या. "आपके फव्वारे से बीस घरों की लाइन खराब होती है। आपके घर की भी। सुबह फोन में चरचर आती होगी।"

साहेबांनी एकदा डब्याकडे पाहिलं. येत असणारच. मग म्हणाले, "शिकायत लिखकर दीजिए।" आणि आत गेले.

पाचवा दिवस छत्रीचा होता. मी सासऱ्यांना भरवत होते तेव्हा बाहेर जीपचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर सुरक्षावाले दोघं काकूंसमोर उभे होते. एकाने त्यांची छत्री घेतली, मिटली आणि जीपमध्ये टाकली. काकू स्टुलावरून उठल्या नाहीत. फवारा आला आणि त्यांना डोक्यापासून भिजवून गेला. त्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं आणि घड्याळात पाहिलं. वेळ लिहून ठेवायला.

ते घड्याळात बघणं पाहिलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. हैदराबादची फाइल अर्धी होती. नवरा कारखान्यात होता. मी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, पंधरा मिनिटांत येते." त्यांना बोलता येत नव्हतं, पण डावा हात हलवून त्यांनी मला जा म्हणून खूण केली, अगदी स्पष्ट, दोनदा. मी माझी निळ्या फुलांची घडीची छत्री काढली आणि चपला न घालताच धावत गेले.

सुरक्षावाला म्हणाला, "मॅडम, आप घर जाइए।"

"छाता पकड़ना मना है, ऐसा कहाँ लिखा है? दिखाइए।"

मी त्या टाउनशिपमध्ये सहा वर्षं राहत होते आणि इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. मी छत्री उघडली आणि डब्यावर धरली. ती इतकी छोटी होती की डबा झाकला की मी भिजत होते. सुरक्षावाल्याने एकदा माझ्याकडे, एकदा बंगल्याकडे पाहिलं. माझ्या अंगावर हात टाकायची त्याची हिंमत नव्हती, आणि तोही बहुतेक विचारात पडला की या बायकांना कुठल्या गुन्ह्यात धरायचं. जीप निघून गेली.

काकू मला म्हणाल्या, "छत्री जरा डावीकडे. कोपरा भिजतोय."

नळ बंद होईपर्यंत मी तिथे उभी होते. पंधरा मिनिटांचा तास झाला. घरी येऊन आधी सासऱ्यांना पाहिलं, ते शांत पडून होते. मग मोडेमचं पान उघडलं. चोवीस. फाइल वीस मिनिटं उशिरा गेली. त्याबरोबर मी हैदराबादच्या सुपरवायझरला सगळ्या दिवसांचे आकडे पाठवले आणि खाली लिहिलं, कारण सापडलं आहे, आम्ही लढतो आहोत. तिचं उत्तर आलं एका ओळीचं: "एक हफ्ता और।"

सहाव्या दिवसानंतर काकूंनी वहीतलं सगळं एका कागदावर स्वच्छ उतरवलं. छत्रीचे दिवस, बिना छत्रीचे दिवस, वेळ, आकडा. आम्ही दोघी टेलिफोनच्या ऑफिसात गेलो. तेच साहेब. त्यांनी कागद हसत हसत हातात घेतला, आणि वाचता वाचता हसू ओसरलं. "ये किसने बनाया?" त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "जिसके घर की वायरिंग खराब थी, उसने और मैंने।"

चार दिवसांनी दोन माणसं आली. खांबाच्या पलीकडच्या अंगाला नवा डबा बसवला, झाकणाचा, रबराच्या पट्टीचा. तारा नव्याने जोडल्या. फवारा तसाच फिरत राहिला. साहेबांच्या लॉनचं थेंबभरही पाणी कमी झालं नाही. माझा आकडा सव्वीसवर गेला आणि तिथेच राहिला. नोकरी राहिली.

पण इस्टेट ऑफिस विसरलं नव्हतं. रिटायर लोकांना रिकामी क्वार्टर्स लीजवर मिळत, आणि काकूंची लीज जूनमध्ये संपणार होती. नोटीस आली: अधिकाऱ्याच्या निवासासमोर अशोभनीय वर्तन. माफीनामा लिहून दिल्यास लीज वाढवण्याचा विचार केला जाईल.

मी त्यांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. "काकू, दोन ओळी लिहून द्या. काय जातं? माझ्यासाठी घर घालवू नका."

"तुझ्यासाठी नाही घालवत," त्या म्हणाल्या. "डोक्यावर घेऊ नको. मी माफी लिहिली तर उद्या ते म्हणतील, फवाऱ्याचं काही नव्हतंच, बाईचं डोकं फिरलं होतं. मग ते सहा दिवस खोटे ठरतील न?"

त्यांनी उत्तर लिहिलं. त्यात वेळा होत्या, आकडे होते, आणि शेवटी एक ओळ: छत्री मी धरली होती, गरज पडल्यास पुन्हा धरीन.

ते उत्तर घेऊन त्या इस्टेट ऑफिसात गेल्या त्या दिवशी माझा नवरा अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून त्यांच्याबरोबर गेला. मला सांगितलं नव्हतं. तिथे त्याने लिहून दिलं की टेलिफोन माझ्या नावावर आहे, त्रास माझ्या घराला होता, आणि दुसरी छत्री माझ्या बायकोची होती. घरी आल्यावर मी विचारलं, "आणि प्रमोशन?" तो बूट काढत होता. म्हणाला, "नाही तर नाही."

या वेळी ते शब्द मला वेगळे ऐकू आले. प्रमोशन त्या वर्षी झालं नाही, पुढच्या वर्षी झालं. लीज मात्र वाढली नाही. काकूंनी टाउनशिपपासून लांब, कोटरा सुल्तानाबादला दोन खोल्या बघितल्या. बघितल्या म्हणजे भिंतींतली ओल मोजली, नळाच्या पाण्याची बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहिलं, आणि मगच घरमालकाला हो म्हटलं.

सामान हलवायचा दिवस गुरुवार होता. टेम्पो सकाळी नऊला येणार. मी आदल्या दिवशी त्यांना म्हणाले, मी सकाळची सुट्टी घेते, डबे बांधायला येते. काकू एकदम उखडल्या.

"सुट्टी? एवढं सगळं केलं ते तू सुट्टी घ्यावीस म्हणून? नऊ वाजता तू टेबलावर पाहिजेस. निरोप द्यायला कोणी आलं की मला आवडत नाही."

म्हणून टेम्पो आला तेव्हा मी हेडफोन लावून बसले होते. अमेरिकेतला कुठलासा डॉक्टर एका म्हातारीच्या गुडघ्याबद्दल सांगत होता. बाहेर कपाट घसटल्याचा आवाज आला. शेजारणी जमल्या होत्या. ज्या त्यांना खडूस म्हणायच्या, त्यातल्या दोघी रडत होत्या असं मला नंतर कळलं. मग काकूंचा आवाज, ड्रायव्हरला दोरी कुठे बांधायची ते सांगणारा. ड्यूटीला जाण्याआधी नवऱ्याने सासऱ्यांची चाकाची खुर्ची व्हरांड्यात नेऊन ठेवली होती. ते डावा हात उचलून बसले होते.

मी उठले नाही. बोटं थांबू दिली नाहीत. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते गळू दिलं आणि गुडघ्याचा अहवाल टाइप करत राहिले. टेम्पो सुरू झाला, कोपऱ्यावर वळला, आवाज लांब गेला. मी शेवटचं वाक्य पूर्ण केलं, पूर्णविराम दिला, फाइल पाठवली. ती एका दमात गेली.